चार कपाटांचा कंपाउंडर

आमच्या घाटकोपरच्या वाचनालयात चार कपाटं होती आणि त्यांना वाली एकच होता, वाघमारे कंपाउंडर. ती कपाटं गेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तरी विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, सोड ना परब, जुनं झालं ते. का सोडू? ज्यांनी केलं त्यांनी कधीच सोडलं, मजेत जगले, एकाचा तर अमृतमहोत्सवसुद्धा झाला. निदान मी तरी धरून ठेवते.

मी तिथे ग्रंथपाल होते. म्हणजे नाव ग्रंथपाल, काम झाडूपासून शिक्क्यापर्यंत सगळं. ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं, वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडलेली, घरात मी एकटी कमावती. पहिल्या मजल्यावर एक लांबट हॉल, खाली पिठाची गिरणी आणि शिंपी. हॉलच्या एका भिंतीला कादंबऱ्या, मासिकं, दिवाळी अंक. दुसऱ्या भिंतीला ही चार कपाटं. त्यांत कोश, नकाशे, आरोग्य, कायदा, पक्षी, साप, घरदुरुस्ती, बागकाम, आणि शेवटच्या कपाटात मुलांची पुस्तकं. चारही कपाटांवर पाटी होती, ‘येथेच बसून वाचावे’. ही पुस्तकं कोणी घरी न्यायची नाहीत. का, तर महाग आणि देणगीतली. आणि अठरा वर्षांखालच्याला सभासदच होता येत नाही, मग मुलांची पुस्तकं तरी घरी कोण नेणार?

त्यात आणखी एक शहाणपणा केलेला. सगळी पुस्तकं बाइंडरकडे देऊन एकाच रंगाच्या रेक्झिनमध्ये बांधून घेतली होती. मरून रंग, पाठीवर फक्त आकडा. कपाट उघडलं की नुसती मरून भिंत. सापाचं पुस्तक कुठलं आणि लोणच्याचं कुठलं, हे बाहेरून ब्रह्मदेवालासुद्धा कळलं नसतं. नावांची यादी होती, ती कार्यवाह सबनीससाहेबांच्या घरी.

या भिंतीसमोर वाघमारे पहिल्यांदा उभे राहिले ते मला आठवतं. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, बोटांच्या टोकांना औषधाचा जांभळा रंग कायमचा बसलेला. मूळचे सोलापूरकडचे. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं कंपाउंडर. दुपारी एक ते चार दवाखाना बंद, तेव्हा घरी जाऊन झोपायचं सोडून हे इथे येत. त्यांनी एक पुस्तक काढलं, उघडलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. अशी वीसेक काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आमच्याकडे लेबल नसलेली बाटली शेल्फवर ठेवली तर डॉक्टर नोकरीवरून काढतील."

मी म्हटलं, "इथे कोणी काढत नाही."

"तेच दिसतंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खळीची डबी घेऊन आले. तेव्हा दवाखान्यातून पातळ औषध मिळायचं बाटलीत, आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असायची, एका वेळी किती घ्यायचं ते कळावं म्हणून. त्या पट्ट्या वाघमारेच कापत. तशाच लांब पट्ट्या कापून त्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवायला सुरुवात केली. रोज दोन-तीन पुस्तकं. आधी पुस्तक वाचायचं, मगच पट्टी. न वाचता एकही पट्टी त्यांनी चिकटवली नाही, याला मी साक्षीदार आहे. पट्टीवर पुस्तकाचं नाव आणि खाली त्यांची शिफारस. अक्षर मोत्यासारखं, भाषा मात्र अशी:

‘विजेची कामं यात नीट सांगितली आहेत. मी फ्यूज बदलला. पान ४१ची आकृती उलटी छापलेली आहे. झटका बसतो. मला बसला.’

‘बाळंतपण व बाळाची निगा. पहिलटकरणीच्या नवऱ्याने वाचावे. तिला वेळ नसतो.’

‘विषारी व बिनविषारी साप. चावल्यानंतर शोधत बसू नये. आधीच वाचून ठेवावे.’

आणि मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकात, ‘वय वर्षे आठ ते ऐंशी. शेवटची गोष्ट लेखकाने कंटाळून लिहिली आहे, ती सोडली तरी चालेल.’

पट्टी मुद्दाम लांब. खाली जागा मोकळी सोडायचे. ज्याने वाचलं त्याने खाली एक ओळ लिहायची, नाव टाकायचं आणि हे पुस्तक कोणाला द्यावं ते सांगायचं. ही अट फार कडक. कोणी नुसतं ‘छान आहे’ असं लिहिलं की वाघमारे खवळायचे. "छान म्हणजे काय? चहा छान असतो. कोणासाठी छान, ते लिहा." ट्रॉम्ब्याला नोकरी करणारे एक शास्त्रज्ञ गृहस्थ यायचे, मोठा माणूस, त्यांनासुद्धा यांनी खोडून परत लिहायला लावलं होतं. ते बिचारे हसत हसत लिहून गेले. हळूहळू लोक आधी पट्टी वाचायला लागले आणि मग पट्टीच्या नादाने पुस्तक. ज्या भिंतीकडे कोणी बघत नव्हतं तिथे दुपारी तीन-चार माणसं उभी दिसायला लागली.

माणूस गोड वगैरे अजिबात नव्हता, हे सांगून टाकते. व्यक्तिचित्र लिहायला बसलं की लोक माणसाला साखरेत घोळतात. वाघमारे तिरसट होते. "काय घेऊ वाचायला?" असं कोणी विचारलं की आधी उलटतपासणी. घरी कोण कोण आहे, झोप लागते का, भांडण कोणाशी चालू आहे. भांडणाचं तर हमखास विचारत. माझ्याशीही तेच. एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही इथे बसून विणकाम करता. पाणपोईवर बसून तहानलेलं राहायचं, याला काय म्हणावं?" मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, हा आणखी राग.

आणि चुकायचेही. पोस्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, पाठदुखीचे. त्यांना यांनी योगासनांचं पुस्तक सुचवलं. गृहस्थांनी घरी जाऊन उत्साहाने सर्वांगासन घातलं आणि मान अशी धरली की त्यांना हाक मारली तर ते अख्खे वळायचे. वाघमारे आठवडाभर रोज दुपारी दवाखाना सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन मान चोळून देत होते. आठवड्यानंतर त्या पुस्तकात जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी दिसली. ‘पान १७चे आसन पन्नाशीनंतर एकट्याने करू नये. आधीची शिफारस चुकीची होती. चूक वाघमारे यांची.’ आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून पुठ्ठ्यावर चिकटवणारा दुसरा माणूस मी अजून बघितलेला नाही. आमच्या समितीत तर नक्कीच नव्हता.

रविवारी सकाळी मुलं यायची. सभासद होता येत नाही ना, ठीक आहे, पण बसून वाचायला कोणी अडवलंय? नियम शोधून काढला वाघमाऱ्यांनीच. चौथ्या कपाटासमोर जमिनीवर पंधरा-वीस पोरं. मागच्या वस्तीतली, पलीकडच्या चाळीतली, काही सोसायटीतलीही. त्यांनाही पट्टीची अट लागू. एका पोरीने लिहिलं होतं, ‘हे पुस्तक माझ्या भावाला देऊ नये, तो चित्रं कापतो.’ दुसऱ्याने देवमाशावरच्या पुस्तकात लिहिलं, ‘ज्याला पोहायला येत नाही त्याला द्या, त्याची भीती जाईल किंवा वाढेल.’ वाघमारे ते वाचून इतके खूश झाले की दिवसभर प्रत्येकाला ते पुस्तक उघडून दाखवत होते. "बघा, दहा वर्षांचं पोर आहे, पण दोन्ही बाजू सांगितल्या."

आता देसाईकाकूंचं सांगते, कारण खरी ठिणगी तिथे पडली. काकू यायच्या यजमानांच्या कार्डावर, कादंबरी न्यायला. एक दिवस रडकुंडीला आलेल्या. घरमालकाने चाळीचं पाणी तोडलं होतं, खोली सोडा म्हणून. वाघमाऱ्यांनी त्यांच्या हातातली कादंबरी काढून घेतली आणि दुसऱ्या कपाटातलं भाडेकरूंच्या हक्कांचं पुस्तक समोर ठेवलं. काकू म्हणाल्या, "अहो, मला यातलं काय कळणार?"

"पाण्याचं कळतं ना? मग फक्त पाण्याचं प्रकरण वाचा. अकरा पानं आहेत."

काकू तीन दुपारी येऊन बसल्या. वहीत उतरवून घेतलं. चौथ्या दिवशी चाळीतल्या सात बायका घेऊन मालकाच्या दारात उभ्या राहिल्या आणि कलमासकट बोलल्या. संध्याकाळी पाणी आलं. काकूंनी पट्टीवर लिहिलं, ‘चाळीतल्या प्रत्येक बाईला द्यावे. लग्नात आहेर म्हणून दिले तरी चालेल.’ खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी स्वतःच्या नावाने सही केली, असं मला म्हणाल्या.

तो घरमालक म्हणजे आमच्या सबनीससाहेबांचा सख्खा मेव्हणा.

पुढच्या महिन्यात वाघमाऱ्यांची आई आजारी पडली म्हणून ते गावी गेले. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी सबनीस आले. एरवी हे महिन्यातून एकदा येणार, खुर्ची पुसून घेणार, चहा पिणार आणि जाणार. त्या दिवशी त्यांनी दुसरं कपाट उघडलं, एक पुस्तक काढलं, पट्टी वाचली. "हे काय आहे?"

"वाघमाऱ्यांनी लावल्यात. वाचकांच्या सोयीसाठी."

"संस्थेच्या मालमत्तेवर हा कोण लिहिणार? उद्यापासून काढायला घ्या. सगळ्या. सभेच्या आधी स्वच्छ झालं पाहिजे." मग दाराशी जाऊन थांबले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमचं कायम करण्याचं पण आहे ना या सभेत, परबबाई?"

मी काढल्या. ओलं फडकं, बोथट सुरी. दहा दिवस रोज. खळ भिजवायची, थांबायचं, अलगद सोलायचं. पुठ्ठा फाटू नये म्हणून किती काळजी घेतली मी. देसाईकाकूंची सही निघाली, देवमासा निघाला, ‘चूक वाघमारे यांची’ तेही निघालं. सगळा ओला लगदा बादलीत. मी नाही म्हणायला हवं होतं. घरची परिस्थिती होती, हे खरंच आहे, पण मी नुसतं एकदा तोंड वर करून ‘का’ असंसुद्धा विचारलं नाही. ही जी आग मी सबनीसांच्या नावाने पाखडते ना, तिच्यातला अर्धा वाटा माझा आहे.

सभेच्या आठ दिवस आधी दुसरं फर्मान आलं. ज्या पुस्तकांवर तीन वर्षांत तारखेचा शिक्का पडलेला नाही त्यांची यादी करा. पुस्तक घरी नेताना मागच्या कागदावर तारखेचा शिक्का मारतात, तो शिक्का. अहो, घरी न्यायलाच बंदी असलेल्या पुस्तकांवर शिक्का पडणार कसा? चारच्या चार कपाटं यादीत गेली. मी ती यादी केली. शेवटी ठराव होता, वापरात नसलेली पुस्तकं रद्दीत काढून त्या जागी रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ बसवावा, कारण काळाबरोबर चाललं पाहिजे.

सभा रविवारी सकाळी. अठरा-वीस माणसं, निम्मी व्हिडिओच्या आशेने आलेली. देसाईकाकू नव्हत्या, कारण त्या सभासद नव्हत्याच, सभासद त्यांचे यजमान, आणि ते क्रिकेट बघत घरी बसले होते. मुलांना त्या दिवशी जिन्यातूनच परत पाठवलं. वाघमारे आदल्या दिवशी गावाहून परतले होते, डोकं भादरलेलं. आई गेली होती. सरळ येऊन मागच्या खुर्चीत बसले. चार कपाटांकडे त्यांची पाठ होती.

ठराव वाचल्यावर ते उभे राहिले. "शिक्का कसा पडेल? घरी न्यायची बंदी तुमची."

सबनीस म्हणाले, "हे बघ वाघमारे." ट्रॉम्ब्याच्या गृहस्थांना अहो, पोस्टवाल्यांना अहो, पन्नाशीच्या वाघमाऱ्यांना अरे. वीस माणसांत एकालाही ते खटकलं नाही. "हे बघ, कोणी वाचतं याला पुरावा काय?"

"पुरावा प्रत्येक पुस्तकात आहे. कुठलंही काढा. कोणी वाचलं, कशासाठी वाचलं, सगळं नावासकट आहे."

"काढा हो परबबाई," सबनीस म्हणाले. ते हसत नव्हते. हसले असते तर बरं झालं असतं.

मी उठले. हाताला आलं ते पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. वाघमारे पुढे आले, पुठ्ठा उघडला. आत फक्त एक फिकट लांबट डाग. त्यांनी दुसरं मागितलं. मी दिलं. तेही तसंच. तिसऱ्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश, वरून खाली. मग माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या कापडाकडे बघत होते.

"नाहीये," ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

हात वर झाले. मंजूर. त्याच्या पुढचा ठराव माझ्या नोकरीचा होता, तोही मंजूर. टाळ्या वाजल्या.

मंगळवारी हातगाडी आली. मरून पुस्तकं पोत्यांत भरून जिन्यावरून खाली सोडली. कोश, नकाशे, साप, अकरा पानांचं पाण्याचं प्रकरण, सगळं. रद्दीवाला पुठ्ठे तिथेच ओरबाडून वेगळे करत होता, कारण रेक्झिन रद्दीत घेत नाहीत. पुढच्या रविवारी त्या भिंतीला टीव्ही आला. त्याच्यावर कोणाच्या तरी घरचा क्रोशाचा रुमाल घातलेला.

वाघमारे त्या रविवारी आले. चारपाच माणसं व्हिडिओ जोडण्यात गुंतली होती. ते माझ्या टेबलाशी आले आणि सभासदत्वाचं कार्ड समोर ठेवलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "वाघमारे, त्या पट्ट्या मी काढल्या."

"कळलं मला. तिसऱ्या पुस्तकाला कळलं. पुठ्ठ्याचा टवका न उडवता चिकटलेला कागद काढायला हलका हात लागतो. सबनीसांचं काम नाही ते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वीस माणसांसमोर एका बाईची नोकरी घालवू? हात तर त्यांनी वर केलेच असते."

मला भयंकर राग आला. कशाचा कोण जाणे. "मी सांगितलं होतं का तुम्हाला, मला वाचवा म्हणून?"

 त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. "नाही सांगितलंत. आणि बाई, आत्ता जे बोलताय ना, ते तिथे बोलायचं होतं."

ते वळले आणि जिन्याकडे गेले. तेवढ्यात एक मुलगी वर येत होती, नऊ-दहा वर्षांची, वेण्या नीट घालून आलेली. आता इथे काही नसतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती त्यांच्या बाजूने वर आली, दारात थांबली, टीव्हीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग थेट माझ्याकडे आली.

"बाई, आमची कपाटं कुठे गेली?"

नवा टीव्ही बघायला आलेले सबनीस मागे उभे होते. व्हिडिओवाले वायरी लावायचे थांबले होते. मी तिला सांगितलं. कपाटातली पुस्तकं रद्दीत गेली. तुम्ही लिहिलेल्या ओळी राहिल्या असत्या तर ती गेली नसती, पण त्या ओळी सबनीससाहेबांनी मला काढायला सांगितल्या आणि मी काढल्या. माझ्या हाताने, फडकं घेऊन. तिला सगळं कळलं असेल असं नाही. हॉलमधल्या बाकीच्यांना मात्र कळलं.

जिन्यात वाघमाऱ्यांच्या चपलांचा आवाज मधेच थांबला होता. माझं सांगून होईपर्यंत तो थांबलेला होता. मग पायऱ्या उतरायचा आवाज परत सुरू झाला आणि खालच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीत तो मला ऐकू येईनासा झाला.